आपल्यांसाठी की सर्वांसाठी? : अमेरिकेतील आरंभीची ज्यू रुग्णालये

अमेरिकेतील ज्यू रुग्णालयांच्या स्थापनेचा इतिहास बहुधा दोन प्रकारे मांडला जातो. एका मांडणीत ही रुग्णालये भेदभावाला दिलेले उत्तर ठरतात, तर दुसरीत सर्वधर्मीयांच्या सेवेचा आदर्श. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही अपुऱ्या आहेत.

सिनसिनाटी येथे १८५० मध्ये पहिले ज्यू रुग्णालय स्थापन झाले. न्यूयॉर्कचे 'ज्यूज हॉस्पिटल' १८५२ मध्ये स्थापन होऊन १८५५ मध्ये रुग्णांसाठी खुले झाले. त्या काळी ऐपतदार माणूस घरीच उपचार घेई. रुग्णालयात जाई तो गरीब, एकटा, परका. अशा ज्यू रुग्णाला इतरत्र कोशर, म्हणजे धर्मनियमांनुसार तयार केलेले अन्न मिळत नसे आणि मृत्युशय्येवर धर्मांतराचा आग्रह होण्याची भीती असे. प्रश्न केवळ प्रवेशाचा नव्हता. प्रवेश मिळाल्यावर आपल्या श्रद्धेसह जगता-मरता येईल का, हा होता. ज्यू डॉक्टरांना अन्यत्र नेमणुका न मिळणे हे कारण पुढे, विशेषतः विसाव्या शतकात, ठळक झाले. ते १८५० च्या दशकावर लादणे हा कालविपर्यास होय.

आदर्शाची मांडणीही तपासून पाहावी लागते. न्यूयॉर्कचे रुग्णालय प्रारंभी, अपघातग्रस्त वगळता, ज्यूंपुरतेच होते. यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तेथे जखमी सैनिकांवर उपचार झाले आणि १८६६ मध्ये संस्थेने 'माउंट सिनाई' हे नाव घेतले. येथे सर्वसमावेशकता स्थापनेबरोबर आली नाही. ती अनुभवातून आली.

डेन्व्हरचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १८९९ मध्ये सुरू झालेल्या 'नॅशनल ज्यूइश' रुग्णालयाने सर्व धर्मांच्या निर्धन क्षयरोग्यांना विनामूल्य दाखल केले. मात्र आरंभी तेथे रोगाच्या प्राथमिक अवस्थेतीलच रुग्ण घेतले जात आणि कोशर स्वयंपाकघर नव्हते. परिणामी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी १९०४ मध्ये त्याच शहराजवळ दुसरी संस्था उभारली. तिने रोग बळावलेल्यांनाही घेतले आणि कोशर अन्नाची सोय केली. सर्वांसाठी उघडलेले दार आपल्यातीलच गरीब, श्रद्धाळू माणसाला अपुरे पडले होते.

म्हणून 'आपल्यांसाठी की सर्वांसाठी' हा प्रश्न पुरेसा नाही. समाजाने उभारलेल्या संस्थेचे मूल्यमापन तिच्या ब्रीदवाक्यावरून करता येत नाही. प्रवेशाचे नियम आणि स्वयंपाकघर यांवरून ती खरोखर कोणाची आहे, हे अधिक नेमकेपणाने कळते.