अभिरूप न्यायालय आणि खरी मंडळी

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणले. तेव्हापासून त्यावर झालेल्या चर्चेचा रोख बहुधा स्त्रीवरील अन्यायाकडे राहिला आहे. तो रोख योग्यच. परंतु येथे अन्याय घडतो तो सात-आठ जणांच्या एका हौशी मंडळीकडून. परस्परांस पुरते ओळखणारी ही माणसे तेथवर कशी पोहोचतात, हे पाहिल्यावाचून नाटकाचे मर्म हाती येणार नाही, असे आम्हांस वाटते.

मंडळी मुंबईची, आणि एका खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास आलेली. ज्यांनी चेंबूरसारख्या उपनगरातील एखाद्या वसाहतीच्या गणेशोत्सव-समितीत चार वर्षे काढली असतील, त्यांस या माणसांची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. सुखात्मे वकिलांकडे पक्षकार फिरकत नाहीत; पोंक्षे इंटर सायन्सला नापास; काशीकर दांपत्याला मूल नाही. ही व्यंगे सर्वांस ठाऊक, आणि समोरासमोर कोणीच ती उच्चारीत नाही. सारा संवाद थट्टेतून चालतो. खुद्द बेणारेबाईही गावच्या सामंतापाशी एकेकाची यथेच्छ टवाळी करतात. नाटककाराने त्यांस गरीब गाय केलेले नाही, हे त्याच्या समजुतदारपणाचे लक्षण होय.

एक साक्षीदार येत नाही, त्याच्या जागी सामंताला उभे करावयाचे ठरते, आणि त्याला कोर्ट कसे असते ते कळावे म्हणून लटका खटला सुरू होतो. येथून मंडळीला एक मोठी सोय लाभते. चहाच्या पेल्यावर जे बोलता येत नाही ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलता येते. आणि कोणी दुखावलेच तर ‘अहो, खेळच तो’ म्हणून हात झटकता येतात. कालपर्यंतच्या ‘बाई’ आता ‘आरोपी’ होतात. सामंत बिचारा हातातल्या सवंग कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो, ती नेमकी मर्मावर बसते, आणि मंडळी तिच्यावर तुटून पडते. पुढे न्यायाधीश काशीकर स्वतःच खुर्ची सोडून साक्ष देण्यास उतरतात, तो क्षण आम्हांस नाटकाचा कळस वाटतो. आता खेळाचे नियमही नकोसे झाले आहेत.

या नाटकाच्या संदर्भात ड्यूरेनमाट या स्विस लेखकाच्या १९५६ च्या एका कथेचे नाव घेतले जाते. तेथेही निवृत्त न्यायाधीश आणि वकील मिळून असाच खटला खेळतात. पण त्यांचा आरोपी वाट चुकून आलेल्या पाहुण्यासारखा परका. बेणारेबाईंस पिंजऱ्यात घालणारे लोक मात्र त्यांच्याच शेजारी बसून गाडीने आलेले आहेत. केवळ सादृश्य शोधणाऱ्यांच्या हातून हा भेद निसटतो.

बेणारेबाईंच्या अखेरच्या दीर्घ स्वगताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही एवढेच म्हणू, की त्यांना बोलावयास मिळतात ती दहा सेकंदे, आणि ते सारे भाषण त्या दहा सेकंदांत, इतर पात्रे थिजलेली असताना होते. प्रेक्षकांनी ते ऐकले. मंडळीच्या लेखी आरोपी गप्पच राहिली. स्वगत वास्तवाशी विसंगत आहे असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आमचा आक्षेप निराळा आहे. या मंडळीत सर्वच क्षुद्र आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक मंडळीत एखादा सज्जन असतो. त्याला सारे कळते, पण पुढच्या प्रयोगात आपल्याला घेतील ना, या विवंचनेने तो मान खाली घालून बसतो. त्याच्या मौनाचे बळ नसते तर इतरांची जीभ इतकी सैल सुटली नसती. हा मनुष्य तेंडुलकरांनी रेखाटला असता तर प्रेक्षागृहातील आम्हां मंडळींस खुर्चीत बसणे अवघड झाले असते. शेवटी सामंत आपला हिरवा कापडी पोपट बाईंजवळ हलकेच ठेवून जातो खरा. पण तो त्या मंडळीतला नव्हेच.