चार आणे कर्तृत्व, बारा आणे नातेवाईक

लग्न जमवताना मुलाकडे किती पाहायचे आणि त्याच्या घराण्याकडे किती, याचे नक्की प्रमाण आपल्याकडे कोणी कागदावर मांडलेले नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलवाल्यांनी ते मांडले आहे. संघाचे स्वतःचे कर्तृत्व २५ टक्के. तो ज्यांच्याशी खेळला त्यांचे कर्तृत्व ५० टक्के. आणि ते लोक आणखी ज्यांच्याशी खेळले त्यांचे २५ टक्के. याला तिकडे आरपीआय म्हणतात. आमच्या आत्या याला ‘घराणं बघणं’ म्हणायच्या, आणि त्यांना गणकयंत्र लागत नसे.

नोकरीनिमित्त अमेरिकेत राहायला आल्यापासून मला या खेळाचा नाद लागला. क्रिकेटचा उपास मी बेसबॉलवर सोडला म्हणा ना. त्यातही लक्षाधीशांचा बेसबॉल मला मानवत नाही, कॉलेजच्या पोरांचा मानवतो. त्यांची धातूची बॅट टण्णकन वाजते, ओट्यावरून कळशी पडावी तशी. प्रेक्षकांत निम्मे खेळाडूंचे काका-मामा असतात. आणि भुईमुगाच्या शेंगांची टरफले पायाशी टाकली तर कोणी रागावत नाही. मराठी माणसाला आणखी काय पाहिजे?

फेब्रुवारीच्या मध्यापासून सुमारे ३०० कॉलेजे या वरच्या वर्गात खेळत असतात. मेअखेर त्यांतली ६४ निवडली जातात. हा आकडा १९९९ पासूनचा. मग १६ गावी चार-चार संघ जमतात आणि दोनदा हरला तो घरी जातो. उरलेल्या १६ जणांच्या जोड्या लावून तीनपैकी दोन सामन्यांचा निकाल, आणि त्यातून जे आठ उरतील त्यांनी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला जायचे. १९५० पासून ओमाहा हे या संप्रदायाचे पंढरपूर आहे.

आता वारीला कोणी जायचे, इथे खरी गोम आहे. ही कॉलेजे निरनिराळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेली असतात. कॉन्फरन्स म्हणजे भावकी. प्रत्येक भावकीचा विजेता हक्काने आत येतो. त्यांत जवळजवळ निम्म्या जागा भरतात. बाकीच्या जागा निवड समिती भरते. समितीत वेगवेगळ्या कॉलेजांचे क्रीडाप्रमुख वगैरे मंडळी असतात, आणि स्वतःच्या कॉलेजचा विषय निघाला की त्या गृहस्थाने खोलीबाहेर जायचे असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. आमच्या पुण्याच्या सोसायटीत तो लावला तर सभेला फक्त रखवालदार उरेल.

समितीचे लोक अप्रामाणिक आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी तक्रार त्यांच्या फूटपट्टीबद्दल आहे. बारा आणे दुसऱ्यांच्या कर्तृत्वाला दिल्यावर जो चमत्कार व्हायचा तो होतो: दुबळ्या संघाला हरवले की तुमचा आरपीआय वाढण्याऐवजी घसरू शकतो! जिंकून खाली जाणे ही सोय दुसऱ्या कुठल्या व्यवहारात मी पाहिलेली नाही. त्यामुळे मोसमाच्या शेवटी आठवड्यामधला एखादा सामना ‘हवामान बरं नाही’ म्हणून रद्द करण्याचे प्रकारही घडले आहेत. गरीब नातेवाईक आले की घरात आजारपण निघते, त्यातलाच प्रकार.

दुसरी अडचण आभाळातली. फेब्रुवारीत उत्तरेकडच्या कॉलेजांच्या मैदानावर बर्फ असते, म्हणून ती पोरे आठवड्यामागून आठवडे दक्षिणेत, परक्या मैदानांवर खेळतात. याची दखल घेऊन २०१३ पासून परगावच्या विजयाला १.३ आणि घरच्या विजयाला ०.७ असे वजन देण्यात आले. सौ.ला हे फार पटले. ती म्हणाली, “माहेरी केलेल्या स्वयंपाकाला ०.७ आणि सासरी केलेल्याला १.३! एवढी अक्कल कोणाला तरी आली म्हणायची.” पण ही दुरुस्ती त्या पहिल्या चार आण्यांपुरतीच. बारा आणे नातेवाईक जागच्या जागी आहेत. बास्केटबॉलवाल्यांनी २०१८ मध्ये आरपीआय मोडीत काढून नवी मोजपट्टी घेतली, बेसबॉलने मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे जुनी सोडली नाही. जुनी मोलकरीण काम धड करत नाही, पण तिला काढणार कोण?

याचा परिणाम पाहा. दक्षिणेतली एसईसी ही श्रीमंत भावकी. २०२५ मध्ये तिच्या १६ संघांपैकी १३ जणांना निमंत्रण गेले. तो विक्रमच होता. एकमेकांशी खेळायचे आणि एकमेकांचा भाव वाढवायचा. हरला तरी ‘मोठ्या घराण्याकडून हरला’ म्हणून अब्रू शाबूत. त्या १३ पैकी ओमाहाला पोचले दोन. त्यातल्या लुईझियाना स्टेटने विजेतेपद जिंकले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर शेजारी मला सोडणार नाही. तो एसईसीवाला आहे.

निवडीनंतर येते मानांकन. पूर्वी देशातल्या पहिल्या आठांनाच राष्ट्रीय क्रमांक मिळे. २०१८ मध्ये तो १६ जणांना मिळू लागला. वरच्या सोळांत आलात की सहसा पहिली फेरी घरच्या मैदानावर, घरच्या बिछान्यात झोपून. सतराव्याने बॅगा भरायच्या. सोळावा आणि सतरावा यांत फरक किती? सुतळीचा.

आणि एवढे करून ते क्रमांक खरे किती ठरतात? १९९९ मध्ये पहिल्या क्रमांकाचा मियामी संघ अजिंक्य झाला. त्यानंतर पहिल्या क्रमांकाने अजिंक्य होण्याची पुढची वेळ उजाडली २०२४ मध्ये, टेनेसीच्या रूपाने. मध्ये पंचवीस वर्षे! २०२५ मध्ये तर पहिला व्हँडरबिल्ट आणि दुसरा टेक्सास हे दोघेही पहिल्याच फेरीत, आपापल्या अंगणात गारद झाले. त्याच वर्षी मरी स्टेट हा आपल्या चौकडीतला चौथा, म्हणजे शेवटचा संघ ओमाहाला जाऊन पोचला. २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट तर चौकडीत चौथा असून अख्खी स्पर्धा जिंकून गेला, मोसमात ३१ पराभव पदरात असताना. या खेळात एका पोराचा खांदा एका संध्याकाळी नीट चालला की भल्याभल्यांची पत्रिका फाटते. मानांकनाला मी म्हणूनच हसून सोडून देतो. ते मैदानावर खोडता येते.

निवडीला मात्र हसवत नाही, कारण ती कुठेच खोडता येत नाही. मेच्या शेवटच्या सोमवारी देशभर कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये विशी-बाविशीची पोरे टीव्हीसमोर बसलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांना पुढे व्यावसायिक खेळायचे नसते. ती हिशेबनीस होणार, मास्तर होणार, बापाचे दुकान सांभाळणार. नाव आले तर आणखी एक आठवडा खेळाडू, नाही आले तर आयुष्यातला शेवटचा सामना नकळत मागच्याच आठवड्यात खेळून झालेला. शेवटचा सामना आहे हे माहीत असते तर त्यांनी जरा रेंगाळून बूट सोडले असते.

म्हणून माझी सूचना अशी: आपल्याच भावकीत जिंकल्यापेक्षा जास्त हरलेल्या संघाला बोलावण्यापूर्वी लहान भावकीतल्या दुसऱ्या क्रमांकाचा विचार करा, आणि त्याला नाकारलेत तर का ते लिहून छापा. ही सूचना ऐकून शेजारी खुर्चीतून उठलाच. “दोन हजार बावीस!” तो ओरडला. २०२२ मध्ये ओल मिस हा एसईसीतला संघ आपल्या भावकीत १४ जिंकून १६ हरला होता. समितीने त्याला सगळ्यांत शेवटची जागा दिली, आणि तो राष्ट्रीय विजेता झाला. “तुझ्या नियमानं विजेताच घरी बसला असता. बोल!”

बोलतो. ज्याला आत घेतले त्याने काय केले हे आपल्याला दिसते. ज्याला दारातच अडवले त्याने काय केले असते, याची नोंद कुठल्याच पुस्तकात नसते. शेवटच्या जागेवर आलेला संघ अजिंक्य होतो, यावरून समिती शहाणी ठरत नाही. दाराबाहेर उभा असलेलाही अजिंक्य होऊ शकला असता, एवढेच ठरते.

शेजारी थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण त्या बाहेरच्याचा आरपीआय किती होता?”

आमच्या आत्याही शेवटी हेच विचारायच्या.