बुक क्रिकेट, धावफलक आणि स्मरणरंजन : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

बालपणीच्या खेळांसंबंधी मराठीत जे आठवणीपर लेखन होते, त्यात विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या यांना मानाचे स्थान असते. बुक क्रिकेटच्या वाट्याला सहसा एखादा परिच्छेद येतो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषणात किंवा रविवारच्या पुरवणीतील ललित लेखात तो भेटतो आणि त्याचा सूर जवळजवळ ठरलेला असतो. त्या वेळी आमच्याजवळ काहीही नव्हते, एका पाठ्यपुस्तकावर आमचे भागत असे, आजच्या मुलांच्या हाती मोबाईल आला आणि ते सुख गेले, असा तो सूर. प्रस्तुत लेखात या सुराची चिकित्सा करावयाची आहे. बुक क्रिकेटची रचना साधी होती यात वाद नाही. परंतु तिच्याभोवती मुलांनी वह्यांच्या मागच्या पानांवर जे लिहिले, ते मुळीच साधे नव्हते. स्मरणरंजन खेळ लक्षात ठेवते आणि हे लेखन विसरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘स्मरणरंजन’ या शब्दाकडेही येथे क्षणभर पाहिले पाहिजे. ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बासेल येथील आपल्या प्रबंधात घडविली, ती एका व्याधीचे नाव म्हणून. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द तिच्यात जोडलेले आहेत. मराठी पर्यायात वेदना गळून पडली आणि तिच्या जागी रंजन आले. हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात हरवलेले जसेच्या तसे उभे करू पाहणारी आणि हरवलेपणाचा विचार करणारी असे गतकातरतेचे दोन प्रकार सांगितले आहेत. आपल्याकडील खेळविषयक लेखन प्रायः पहिल्या प्रकारात मोडते, आणि त्यातही उभे केले जाते ते मूळ चित्र नसून त्याची धुऊन-पुसून स्वच्छ केलेली प्रत असते.

पावसाळा आणि पुस्तक

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्रकिनारा नसलेले, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके. एकीकडे उल्हास, दुसरीकडे पाताळगंगा आणि माथ्यावर भोर घाट. येथील पावसाळा जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत उघड्यावरचा खेळ जवळपास थांबवितो. शिवाय या भागातील गावांना क्रीडांगण म्हणून वेगळी जागा क्वचितच असते. भाताची खाचरे हेच मैदान. कापणी व झोडणी आटोपली, जमीन वाळली की बांधांच्या आतील चौकोनात टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट सुरू होते आणि पुढील पावसापर्यंत चालते. लावणीच्या दिवसांत त्याच खाचरात गुडघाभर चिखल असतो. म्हणजे येथील मुलाच्या दृष्टीने क्रिकेट हा दिवाळीनंतरचा खेळ होता. उरलेल्या महिन्यांत तो बाकावर येई.

या ऋतुचक्राचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ‘काही नव्हते म्हणून पुस्तक उघडले’ हे स्पष्टीकरण या परिसराला पूर्णपणे लागू पडत नाही. बॅट असलेली मुलेही श्रावणात बुक क्रिकेट खेळत. कर्जत-खोपोली शाखेवरील गाडीत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या स्थानकांदरम्यानच्या प्रवासातही ते खेळता येई. पत्त्यांना चार माणसांच्या मांड्या लागतात, याला एकाचीच पुरते.

शून्याचा नियम

खेळाची रचना सर्वांस परिचित असली तरी तिचा हिशेब क्वचितच मांडला जातो. पुस्तक मिटून अंगठ्याने अंदाजे उघडावयाचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकातील शेवटचा अंक पाहावयाचा. डाव्या पानावर नेहमी सम संख्या येते. म्हणून निकाल पाचच, शून्य, दोन, चार, सहा आणि आठ. शून्य आले की फलंदाज बाद. (उजवे पान धरले असते तर शून्य कधीच आले नसते आणि कोणीही बाद झाले नसते. डाव्या पानाची निवड त्या अर्थी मोठी शहाणपणाची आहे.) आठचे काय करावयाचे याविषयी गावोगाव मतभेद होते. कोठे ती एक धाव, कोठे नो-बॉल, तर कोठे चक्क आठ धावा.

आठला एक धाव मानली तर प्रत्येक चेंडूवर बाद होण्याची शक्यता एकपंचमांश आणि प्रत्येक फलंदाजाची सरासरी १३ धावा येते. दहा गडी मिळून सरासरी १३० धावा होतात, आणि त्याही सुमारे ५० चेंडूंत. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजचा संघ १४० धावांत बाद झाला होता. तेव्हा धावसंख्या अगदीच अवास्तव म्हणता येत नाही, गती मात्र त्या काळाच्या मानाने अद्भुत होती. शतकाची शक्यता या नियमाने सुमारे हजारात एक इतकीच उरते. दोन्ही संघांचे मिळून वीस-बावीस डाव धरले तर चाळीस-पन्नास सामन्यांत एखादे शतक लागावे.

त्या काळच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की त्यांत शतके याहून कितीतरी अधिक असत, आणि ती ठरावीक नावांवर असत. पुस्तकाला गावसकर आणि अकरावा फलंदाज यांतील फरक कळत नाही. दोघांचीही सरासरी तेराच. तो फरक मुलाने आणावयाचा असे. आवडता फलंदाज खेळावयास आला की अंगठा सावध होई. पुस्तक कोठे दुमडलेले आहे, कोणत्या धड्याशी ते आपोआप उघडते, हे ठाऊक असे. प्रतिस्पर्धी मग आक्षेप घेई, पुस्तक बदला म्हणे. भूगोलाचे जाऊन इतिहासाचे येई. रॉजर काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे जे वर्गीकरण केले त्यात स्पर्धा आणि दैव हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. बुक क्रिकेट नियमाने दुसऱ्या वर्गातले. व्यवहारात ते सतत पहिल्याकडे सरकत असे. आठवणी सांगणारे याला गमतीने ‘चिटिंग’ म्हणतात आणि पुढे जातात. वस्तुतः येथेच थांबावयास हवे. खेळाच्या यंत्रणेत जे नव्हते, म्हणजे माणसामाणसांतील फरक, ते मुलाने स्वतः घातले. ती लबाडी खरी, पण कथाकाराची लबाडी.

याहून महत्त्वाचा भाग धावफलकाचा. शून्य हे फक्त ‘बाद’ एवढेच सांगते. कसा बाद, कोणाकडून, हे सांगत नाही. वहीत मात्र दैनिकातील धावफलकाप्रमाणे ‘झे. दुजाँ गो. मार्शल’ असे लिहिले जाई. झेल, त्रिफळा, पायचीत, धावचीत यांची वाटणी मुलगाच करी, आणि सर्वांना एकाच प्रकारे बाद केले तर फलक खोटा दिसतो हे त्याला समजत असे. खेळताना तोंडी ‘बोल्ड’ आणि ‘कॅच’. लिहिताना ‘त्रिफळा’ आणि ‘झेल’. आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापानाने घडविलेली ही परिभाषा ज्या मुलांना पाठ्यपुस्तकातील मराठी परकी वाटे, त्यांनीही आत्मसात केली होती. शालेय लेखनाचा विचार करणाऱ्यांनी या मागच्या पानांकडे लक्ष दिल्याचे दिसत नाही.

अमेरिकेतील समांतर उदाहरण

तुलनेसाठी बेसबॉलचे उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेत ईथन ॲलन या माजी खेळाडूने रचलेला ‘ऑल-स्टार बेसबॉल’ हा पटावरचा खेळ १९४१ मध्ये आला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूसाठी एक चकती होती आणि तिचे भाग त्याच्या कामगिरीच्या प्रमाणात आखलेले होते. पुढे १९५१ मध्ये ‘ॲपबा’ आणि १९६१ मध्ये हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे पत्ते-फाशांचे खेळ आले. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे सामने बंद पडले, तेव्हा क्लीव्हलँडच्या मैदानावर ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’चा सामना मांडण्यात आला होता, इतकी त्याची मान्यता. तेथील प्रौढांची गतकातरता या पत्त्यांभोवती असते: अमुक वर्षाचा संच, तमुक खेळाडूचा पत्ता. वस्तू टिकली, म्हणून आठवणीला आधार मिळाला.

रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ च्या कादंबरीचा नायक जे. हेन्री वॉ हा हिशेबनीस या विकत मिळणाऱ्या खेळांपासून दूर आहे. तो फाशांवर स्वतःच रचलेला बेसबॉल खेळतो, काल्पनिक खेळाडूंना नावे व चरित्रे देतो, त्यांच्या नोंदवह्या ठेवतो. आणि फाशांच्या एका दानाने त्याचा लाडका तरुण खेळाडू मरतो तेव्हा तो कोलमडतो. आपल्या बुक क्रिकेटचे नाते ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’पेक्षा या हिशेबनीसाशी जवळचे आहे. फरक एवढाच की हेन्री अखेरपर्यंत एकटा आहे. आपल्याकडील मुलाशेजारी त्याच बाकावर विरुद्ध संघ बसलेला असे.

नावे भरण्याचे काम

संगणकीय खेळांविषयीच्या तक्रारीचाही येथे पुनर्विचार करावा लागतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘क्रिकेट ९७’, ‘ब्रायन लारा क्रिकेट’ यांसारखे खेळ मध्यमवर्गीय घरांत व नंतर सायबर कॅफेंत पोहोचले. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला ‘क्रिकेट ०७’ त्यांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरला. त्याच्या उत्पादकांकडे इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्या खेळाडूंचे अधिकृत हक्क होते. भारतीय संघात मात्र बदललेली नावे होती. बेसबॉलची स्थिती निराळी होती. तेथे १९८८ मध्येच ‘आर.बी.आय. बेसबॉल’ हा घरगुती खेळ खेळाडू संघटनेच्या परवान्याने खऱ्या नावांसह आला होता. आपल्या मुलांनी नावे दुरुस्त केली, चाहत्यांनी बनविलेल्या पॅचमधून गणवेश बदलले आणि दरवर्षी नवे संघ भरले. ज्या पिढीला आयते मिळाले असा आरोप होतो, तिने केलेले हे काम वहीच्या मागच्या पानावरील कामाचेच पुढचे रूप आहे. मोबाईलवरील आजच्या खेळांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. तेथे नावे, आकडे, समालोचन सर्व तयार मिळते आणि खेळणाऱ्याकडे बोट तेवढे उरते. तक्रार करावयाचीच असेल तर ती येथे करावी.

या तालुक्यांतील गावांत संगणकीय खेळाला आणखी एक मर्यादा होती, ती विजेची. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास भारनियमन असे. ज्या खोपोलीत १९१५ पासून मुंबईसाठी जलविद्युत निर्माण होते, तिच्या आसपासच्या वाड्यांवरही अंधार असावा, यात काव्यात्म न्याय शोधण्याचे कारण नाही. बुक क्रिकेट त्यामुळे येथे काहीसे अधिक काळ टिकले असावे.

‘आम्ही’ म्हणजे कोण?

शेवटचा प्रश्न अधिक गंभीर आहे. स्मरणिकांतील लेखांत ‘आम्ही’ हा शब्द फार सैलपणे वापरलेला आढळतो. आम्ही खेळत होतो म्हणजे कोण? त्यात मुली बहुधा नसतात. खाचरातील क्रिकेटमध्ये त्यांना प्रवेश नव्हता हे खरे. पण बाकावरच्या खेळाला धावणे लागत नाही, आरडाओरडा लागत नाही आणि पुस्तक त्यांच्याकडेही होते. मधल्या सुट्टीत मुलींच्या रांगेतही पाने उघडली जात. लिहिणारे बहुतांश पुरुष असल्यामुळे ते सामने नोंदले गेले नाहीत.

दुसरी अनुपस्थिती याहून मोठी आहे. कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांत कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुले अर्थातच बरोबर जातात. आता वर सांगितलेले ऋतुचक्र पुन्हा पाहावे. खाचरे वाळून मैदानी क्रिकेट सुरू होते तेव्हा हे मूल गावात नसते. जून ते दिवाळी या काळात ते शाळेत असते, आणि तोच बुक क्रिकेटचा मोसम. म्हणजे वर्गातील इतर मुलांना जो पावसाळी पर्याय होता, तो या मुलासाठी वर्गमित्रांबरोबर खेळावयाच्या क्रिकेटचा जवळजवळ एकमेव प्रकार ठरतो. पुस्तकाचे क्रमांक सर्वांना सारखेच, सरासरी सर्वांची तेरा. येथे बॅट कोणाची हा प्रश्न नव्हता. अर्थात पुस्तक वेळेवर हाती पडले असेल तर, आणि शेजारी बसू दिले असेल तर. या दोन अटी लहान नाहीत, आणि त्या गृहीत धरून समतेचे गोड चित्र रंगविणे हेही स्मरणरंजनच होईल.

‘तेव्हा काही नव्हते’ असे म्हणणाऱ्या लेखकाकडे निदान स्वतःचे पुस्तक, वर्षभराची हजेरी आणि वहीची कोरी मागची पाने होती. त्या वह्या वार्षिक परीक्षेनंतर रद्दीत गेल्या. पाठ्यपुस्तके पुढच्या वर्गाला निम्म्या किमतीत विकली गेली किंवा भावंडांकडे गेली. २०२३-२४ मध्ये राज्यात काही इयत्तांची पुस्तके चार भागांत विभागून देण्यात आली, तेव्हा वजन कमी झाल्याची चर्चा झाली. पातळ पुस्तक अंगठ्याला किती वेगळे लागते याची चर्चा होण्याचे कारण नव्हते. मागच्या पानांवरील धावफलकांचा संग्रह कोठे झाल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. जे लेखन उपलब्ध आहे ते सर्व नंतरचे आहे, आणि ज्यांना नंतर लिहिण्याची सवड व सवय लाभली त्यांचेच आहे. आश्विनात झोडणी सुरू झाली की भट्टीच्या ट्रकमध्ये बसून गेलेल्या मुलाचा अर्धा राहिलेला सामना कोणी पुरा केला, की तसाच सोडून दिला, हे त्या लेखनातून कळत नाही.