120 तास आले कुठून?

मेलबर्नमध्ये तुमचे कुणी नातेवाईक असतील आणि त्यांच्याकडे सतरा वर्षांचं मूल असेल, तर 'ऐंशी झाले, चाळीस बाकी' हे वाक्य तुम्ही फोनवर ऐकलं असेल. व्हिक्टोरिया राज्यात 21 वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला लायसन्सच्या परीक्षेआधी 120 तास गाडी चालवून दाखवावी लागते, शेजारी पूर्ण लायसन्स असलेलं मोठं माणूस बसवून. त्यातले 20 तास रात्रीचे. सगळं लॉगबुकात किंवा ॲपमध्ये नोंदवायचं. न्यू साउथ वेल्समध्येही 2007 पासून 120 तासच आहेत. त्याआधी 50 होते.

50 वरून एकदम 120? हा आकडा आला कुठून?

या नियमाचा आधार म्हणून नेहमी स्वीडनकडे बोट दाखवलं जातं. स्वीडनने 1993 मध्ये सराव सुरू करायचं वय साडेसतरावरून 16 केलं. लायसन्सचं वय 18 च राहिलं, म्हणजे सरावाला जास्त वेळ मिळाला. ग्रेगरसेन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली त्याचा हिशोब मांडला. सोळाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या मुलांचा सराव सरासरी 118 तास झाला होता, इतरांचा पन्नासच्याही आत. आणि लायसन्स मिळाल्यावर या मुलांचे अपघात बरेच कमी.

आता इथे जरा थांबा. स्वीडनने कुणालाही 118 तासांची सक्ती केली नव्हती. दिली होती ती फक्त परवानगी. ज्या घरांना जमलं, ज्यांना हौस होती, त्यांनी ती वापरली. अशी घरं आणि बाकीची घरं मुळातच वेगळी असणार ना? संशोधकांनाही हे दिसत होतं. त्यांनी तो फरक वजा करून पाहिला. फायदा कमी झाला, पण उरला. म्हणून मी अभ्यासाला नावं ठेवत नाही. माझा आक्षेप पुढच्या उडीवर आहे: हौशी घरांची सरासरी उचलून ती सगळ्यांसाठी किमान अट करण्यावर.

सक्ती केली की काय होतं, याचं एक उत्तर अमेरिकेतून आलं. मिनेसोटा राज्याने तासांची अट घातली. त्यानंतर 16-17 वर्षांच्या चालकांच्या अपघातांत फरक दिसला नाही. त्याच संशोधकांनी पाच राज्यांतल्या पालकांना विचारलं, तुमच्याकडे किती तासांची अट आहे? बरोबर आकडा जेमतेम एक तृतीयांश लोकांनी सांगितला. ऑस्ट्रेलियात नवख्या चालकांवर सोबतच्या मित्रांच्या संख्येची मर्यादा वगैरे नियमही त्याच सुमारास आले, त्यामुळे श्रेय एकट्या 120 ला देता येत नाही.

शिवाय तास म्हणजे नक्की काय? घर ते शाळा, तोच रस्ता, रोज वीस मिनिटं. महिना-दीड महिन्यात दहा तास सहज भरतात, पण मूल अनोळखी हायवेवर पावसात लेन बदलायला शिकलेलं नसतं. लॉगबुकात दोन्ही तास सारखेच दिसतात. (आणि शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने भरलेली लॉगबुकं! हा माझा संशय आहे, डेटा नाही.)

मला सगळ्यात खुपतो तो गाडी नसलेल्या घरांचा प्रश्न. आई दोन शिफ्ट करते, घरात गाडी नाही, तर 120 तास शेजारी बसणार कोण? न्यू साउथ वेल्समध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षकाबरोबरचा एक तास तीन म्हणून धरतात, दहा तासांपर्यंत. म्हणजे खिशात पैसे असतील तर 10 तासांचे 30 होतात. शिकणं तिप्पट होतं का? व्हिक्टोरियाने निदान एल-टू-पी नावाचा कार्यक्रम चालवलाय, त्यात स्वयंसेवक आणि गाडी दोन्ही मिळतात. माझ्या मते 120 च्या आकड्यापेक्षा तो जास्त शहाणपणाचा आहे, पण चर्चा आकड्याचीच होते.

'आपल्याकडे तर काहीच नाही' असं तुम्ही म्हणाल. खरंय. भारतात लर्निंग लायसन्सनंतर 30 दिवस थांबलं की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, सरावाचे तास कुणी मोजत नाही. उद्या कुणी इथे 120 तासांची मागणी केली तर मी आधी विचारेन, ज्या घरात फक्त स्कूटर आहे त्या मुलीने ते भरायचे कुठे?