निवांत आणि वारा पडलेला : एका नौका-रूपकाची छाननी

मराठी काव्यांत नौकेचीं रूपकें इतकीं विपुल आहेत, कीं जुन्या पोथ्या चाळणाऱ्यास त्यांचें अप्रूप राहात नाहीं. भवसागर, तारूं, नावाडी, पैलथडी हे शब्द दिसतांच वाचकाची दृष्टि पुढील ओळीकडे सरकते. परंतु या सर्व नौका एकत्र मांडून पाहिल्या असतां एक गोष्ट ध्यानांत येते. त्या वादळांत सांपडतात, भोंवऱ्यांत फिरतात, फुटतात, बुडतात, किंवा कृपेनें पैलतीरास लागतात. पण वारा पडल्यामुळें भर समुद्रांत जागच्या जागीं खिळून राहिलेली नौका त्यांत आमच्या पाहण्यांत जवळजवळ नाहीं. ज्या लोकांनीं सतराव्या व अठराव्या शतकांत कोंकण किनाऱ्यावर आरमार बाळगलें, त्यांच्या काव्यांत हें चित्र कां नसावें, हा प्रश्न केवळ अलंकारशास्त्राचा नाहीं. जुन्या कागदांतील ‘वारा’ हा शब्द केव्हां शब्दशः घ्यावा आणि केव्हां लक्षणेनें घ्यावा, या व्यावहारिक प्रश्नाशीं तो जोडलेला आहे. म्हणून त्याची छाननी येथें करीत आहों.

प्रथम पोथीकडे वळूं. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत (श्लोक ६७) इंद्रियांमागें धांवणारें मन प्रज्ञेस ओढून नेतें, तें वाऱ्यानें पाण्यांतील नाव ओढून न्यावी तसें, असा दृष्टान्त आहे. सहाव्या अध्यायांत (श्लोक १९) योग्याच्या चित्तास निवात स्थळींच्या दिव्याची उपमा दिली आहे. दोन्ही ठिकाणीं वारा हा शत्रु आणि वाऱ्याचा अभाव हें इष्ट. ज्ञानेश्वरींत पहिल्या दृष्टान्ताचा विस्तार करतांना, थडीस लागत आलेली नाव दुर्वाताच्या तडाख्यांत सांपडली तर चुकलेला अपाय पुन्हा ओढवतो, असा आशय आला आहे. म्हणजे ज्या परंपरेंत आमचे कवि वाढले, तींत निर्वात अवस्था ही समाधीची खूण होती. ‘निवांत’ हा आमचा नित्याचा शब्द ‘निवात’ या संस्कृत शब्दावरून आला, असें व्युत्पत्तिकार सांगतात. वारा नाहीं तें निवांत, आणि जें निवांत तें सुखाचें, हा अर्थ भाषेच्या हाडींमांसीं खिळला आहे. अशा भाषेंत वारा नसल्यामुळें हताश झालेल्या नौकेचें रूपक सहजासहजीं रुजणार नाहीं.

दुसरें कारण अधिक स्थूल आहे, आणि म्हणूनच तें बहुधा सुटतें. संतांची नाव नांवानें सागरावर असली, तरी घडणीनें नदीवरची आहे. थडी, पैलतीर, उतार, नावाडी हे सारे शब्द तरीच्या घाटावरचे होत. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायांत देव नामाच्या सहस्र नावा सजवून भक्तांस पैल नेतो. तेथें शिडाचें किंवा वाऱ्याचें प्रयोजनच पडत नाहीं. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव येथें उभें राहून पाहिल्यास याची साक्ष पटते. नदी उतरणाऱ्या नावेस भय पुराचें, भोंवऱ्याचें आणि जुन्या फळ्यांचें. वारा पडला तर नावाडी उलट सुखावतो.

समुद्रावरचा अनुभव याच्या नेमका उलट होता. दुपारीं खारा वारा जमिनीकडे येतो आणि रात्रीं मतलई वारा समुद्राकडे जातो. या दोहोंच्या सांध्यांत वारा पडतो आणि शीड डोलकाठीस लोंबकळूं लागतें. व्यापारी तांडेलास ही वेळ केवळ खोटीची वाटे; पण शत्रूच्या पाण्यांत तीच प्राणसंकटाची होई. रॉबर्ट ऑर्म यानें १७६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत आंग्र्यांच्या आरमाराची रीत वर्णिली आहे. गुराबा मोठ्या आणि तोफांनीं जड, तीन डोलकाठ्यांच्या सुमारें ३०० टनांच्या आणि दोन डोलकाठ्यांच्या सुमारें १५० टनांच्या. गलबतें लहान, क्वचितच ७० टनांवर जाणारीं, पण चाळीस-पन्नास वल्हीं असलेलीं. वारा असला तर गुराबा आपल्या शिडांवर धांवत. वारा पडला तर गलबतें वल्हीं मारीत गुराबांस ओढून नेत, शत्रूच्या पिछाडीस जमत आणि त्याच्या डोलकाठ्यांवर दुरून मारा करीत. उंच शिडांचें विलायती जहाज अशा वेळीं तोंडही फिरवूं शकत नसे. १६७९ सालीं खांदेरीच्या प्रकरणांत शिवाजी महाराजांच्या लहान होड्या रात्रींच्या अंधारांत बेटावर ये-जा करीत आणि इंग्रजांस त्या अडवितां येत नसत, यांतही हलक्या, वल्ह्यांच्या नावेचा हाच लाभ दिसतो.

म्हणजे कोंकणच्या खलाशास पडलेला वारा हा कधीं मृत्यु आणि कधीं संधि होता. देशावरच्या कीर्तनकारास तो शांति होता. हे दोन अर्थ एकाच भाषेंत शेजारीं नांदत असून एकमेकांस ओळखीत नव्हते. येथेंच संग्राहकानें सावध राहिलें पाहिजे. समजा, किनाऱ्यावरील एखाद्या पत्रांत वारा पडल्यामुळें मुक्काम लांबल्याचा मजकूर आला. घाटावरचा वाचक त्यांत उत्साह मावळल्याचा किंवा पक्ष दुबळा झाल्याचा लाक्षणिक अर्थ पाहूं लागेल, आणि तारखा लावतांना चार दिवसांच्या खऱ्या खोळंब्यास राजकारणाचा रंग देईल. पत्राचा लेखक कोठला, महिना कोणता, प्रवास पाण्याचा कीं जमिनीचा, हें पाहिल्यावांचून ‘वारा’ या शब्दास हात लावूं नये.

अलीकडील गद्यांत मात्र रूपक फार स्वस्त झालें आहे. चळवळीच्या शिडांतील वारा गेला, संस्थेचें गलबत रुतलें, असें लिहिणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं शीड पाहिलेलें नसतें. आणि रुतणें हा वाळूचा धर्म आहे, पडलेल्या वाऱ्याचा नव्हे, हेंही त्यांच्या ध्यानीं येत नाहीं. हें रूपक, आमच्या मतें, कोंकणांतून वर चढलेलें नसून इंग्रजी वाचनांतून उतरलें आहे. त्या वाङ्मयांत त्याची प्रतिष्ठा मोठी. कोलरिजच्या १७९८ सालच्या वृद्ध खलाशाच्या कवितेंत निश्चल जहाज हें शापाचेंच रूप झालें. तेथेंही शब्दांची गति नेहमीं समुद्रावरून मनाकडे गेली असें नाहीं. ‘डोल्ड्रम्स’ या शब्दाचा आधींचा अर्थ मनाची मरगळ हा असून, विषुववृत्ताजवळील निर्वात पट्ट्यास तें नांव मागाहून मिळालें. शब्दशः अर्थ आधीं आणि लाक्षणिक मागून, हा नियम आपण समजतों तितका सरळ नाहीं.

मग खानदेशानें या बाबतींत काय दिलें? या प्रांतास समुद्र नाहीं. नंदुरबार, थाळनेर, चोपडें यांवरून बऱ्हाणपुरास जाणारा सुरतेचा जुना मार्ग तापीच्या खोऱ्यांतूनच होता, आणि १६१५ सालीं टॉमस रो याच बाजूनें गेला. पण येथल्या कुणब्याच्या वांट्यास त्या व्यापारांतून बैलगाडी आली, शीड आलें नाहीं. तरीही पडलेल्या वाऱ्याचें अस्सल मराठी चित्र आम्हांस याच मातींत सांपडतें, आणि तें खळ्यांत सांपडतें. मळणी झाली, भुसा मिसळलेलें धान्य पाटींत भरलें, बाई उंच तिपाईवर उभी राहिली, आणि वारा पडला. त्या क्षणीं सबंध वर्षाचा कष्ट हातांत धरून ती खिळून राहते. मागें घेतां येत नाहीं, पुढें ओततां येत नाहीं. नौका आणि खळें यांत दृश्य साम्य कांहींच नाहीं. अवस्थेचें साम्य पूर्ण आहे.

जळगांवजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची ‘उपननी’ ही कविता या प्रसंगावर उभी आहे. तींत वाऱ्यास मारुतीच्या पित्याच्या नात्यानें आळविलें आहे, आणि ती आळवणी अलंकारासाठीं नाहीं. वारा आल्यावांचून दाणा भुशांतून निघणार नाहीं, हें तिचें कारण आहे. बहिणाबाईंस अक्षरओळख नव्हती. लेवा गणबोलींतील हीं गाणीं घरच्या माणसांनीं तोंडून उतरून घेतलीं आणि १९५२ सालीं सोपानदेव चौधरी यांनीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. कवयित्रीच्या हातची प्रत नसलेला असा ग्रंथ हा पोथीसंग्राहकांस एक धडाच आहे : ज्या शब्दांमागें वस्तु उभी आहे, ते कागदावांचूनही टिकले.

यावर असा आक्षेप येईल, कीं हें रूपकच नव्हे, नुसतें वर्णन आहे. आक्षेप खरा आहे, आणि आमचा मुद्दाही तोच आहे. रूपक होण्यापूर्वीं शब्दास कांहीं काळ नुसतें वर्णन म्हणून जगावें लागतें. धरणगांवीं जन्मलेले बालकवि (१८९०–१९१८) यांच्या ‘औदुंबर’ कवितेंतील स्तब्धता अप्रतिम आहे. परंतु तींत वाऱ्याचें नांवही नाहीं. ती पाहणाऱ्याची स्तब्धता होय. खळ्यावरची स्तब्धता काम अडलेल्याची आहे, आणि खलाशाच्या स्तब्धतेशीं तिचेंच रक्ताचें नातें आहे.

आतां दोन्ही आधार सुटत चालले आहेत. किनाऱ्यावरील होड्यांस यंत्रें बसलीं, आणि मळणीयंत्र दाण्यावरचा भुसा स्वतःच उडवूं लागलें. ‘वारा पडला’ हें वाक्य कानीं येतांच ज्याच्या पोटांत खड्डा पडावा, असा मनुष्य पाण्यावर विरळ झाला आणि खळ्यावरही. म्हणून आमची सूचना इतकीच, कीं जुन्या कागदांचे शब्दकोश करणाऱ्यांनीं वाऱ्याचें प्रकरण स्वतंत्र काढावें, आणि त्यांत तांडेलाचा शब्द व उपणणाऱ्या बाईचा शब्द शेजारीं शेजारीं मांडावा. त्यांचे अर्थ सांगणारीं माणसें अजून आहेत. तीं आहेत तोंवर हें काम निवांतपणें करण्याजोगें नाहीं.