चारचौघांतील रोजनिशी

रोजनिशी ही एकट्याने एकट्यासाठी लिहावयाची वही. तीच वही एखादा लेखक महिन्याच्या महिन्याला मासिकाच्या पानांवर उघडी करून ठेवू लागला, म्हणजे तिचे खाजगीपण उरते काय, आणि उरत नसेल तर तिच्या प्रामाणिकपणाचे काय होते, असा प्रश्न उपस्थित होतो. कथा-कादंबरीकाराच्या बाबतीत तो अधिकच बिकट आहे. कारण पात्रांच्या आडून बोलण्याची ज्याला सवय, त्याने येथे 'मी' म्हणून पुढे यावयाचे असते. या प्रश्नाचा विचार करताना गजानन माधव मुक्तिबोध यांच्या 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकाकडे वळणे क्रमप्राप्त ठरते. त्यांची ख्याती कवी म्हणून असली, तरी कथा आणि 'विपात्र' ही लघुकादंबरीही त्यांनी लिहिली आहे.

मुक्तिबोधांची घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील कवी व कादंबरीकार. गजानन मात्र हिंदीचे लेखक झाले. हरिशंकर परसाई यांनी 1956 साली आमच्या जबलपुरातून 'वसुधा' हे मासिक काढले. त्याचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचेच ठरले. परंतु डायरीतील बहुतेक प्रकरणे प्रथम याच मासिकातील स्तंभात प्रसिद्ध झाली आणि 1964 साली ती पुस्तकरूपाने आली.

मराठी वाचकाला असे लेखन अपरिचित नाही. ना. सी. फडके यांनी 'रत्नाकर' मासिकातून गुजगोष्टी सांगितल्या, वि. स. खांडेकर यांनी सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकातून आत्मपर स्फुटे लिहिली. दोघेही कादंबरीकार, आणि दोघांनीही लघुनिबंधाचे दालन समृद्ध केले. परंतु 'गुजगोष्ट' हा शब्दच पाहावा. गूज हे कानात सांगावयाचे असते, आणि ते आपल्याशी सहमत होणाऱ्यालाच सांगितले जाते. वाचक येथे स्नेही असतो, प्रतिवादी नसतो. लेखकाच्या लहरी, आवडीनिवडी, किंचित कबुलीजबाब यांनी त्याचे रंजन होते; लेखकाचे स्वतःविषयीचे मत मात्र सहसा अबाधित राहते.

मुक्तिबोधांची डायरी नेमकी उलट वाटेने जाते. तिच्यात तारीखवार नोंदी नाहीत, दिनक्रम नाही, कौटुंबिक तपशील फारसा नाही. आहे ती वादचर्चा. 'तीसरा क्षण' या प्रकरणात केशव नावाचा मित्र कलानिर्मितीचे तीन क्षण सांगतो: जीवनातील उत्कट अनुभवाचा पहिला, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसीचे रूप घेतो तो दुसरा, आणि त्या फँटसीला शब्दरूप देण्याची प्रक्रिया सुरू होते तो तिसरा. हा सिद्धांत मुक्तिबोधांचा म्हणून आज सर्वत्र उद्धृत होतो. परंतु त्यांनी तो स्वतःच्या तोंडी न घालता मित्राच्या तोंडी घातला आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. डायरीतील 'मी' ऐकतो, बुजतो, शंका काढतो. स्वतःचे मत दुसऱ्याच्या हाती देऊन त्याची परीक्षा पाहणारी ही रोजनिशी आहे.

या पुस्तकातील काही प्रकरणे मराठीत उतरवू पाहताना एका शब्दापाशी मी बरेच दिवस अडून होतो. 'कलाकार की व्यक्तिगत ईमानदारी' हे एका प्रकरणाचे शीर्षक. 'इमानदारी' मराठीत तसाच ठेवावा तर त्यास चाकराच्या स्वामिनिष्ठेचा वास येतो. म्हणून 'प्रामाणिकपणा' घेणे भाग पडले. प्रथम ती तडजोड वाटली. परंतु प्रकरणातील युक्तिवाद असा, की भावना ज्या प्रमाणात उपजली त्या प्रमाणात ती मांडणे एवढ्याने कलावंत प्रामाणिक ठरत नाही. ती भावनाच चुकीच्या आकलनावर उभी असेल तर? तेव्हा आत्मनिष्ठेला वस्तुनिष्ठ सत्याची कसोटी लावली पाहिजे. आपल्या 'प्रामाणिक' या शब्दाच्या पोटात 'प्रमाण' आहेच. प्रमाणाच्या दोन्ही अर्थांनी, म्हणजे मापाने आणि पुराव्याने, तो शब्द मुक्तिबोधांच्या युक्तिवादाला पुरा पडतो. ज्या भाषेत ते घरी बोलत, तिच्यात हा विचार असा बसावा, याचे मला समाधान वाटले. त्यापलीकडे त्यावरून काही सिद्ध करण्याचा मोह टाळलेला बरा.

येथे उणीवही नोंदविली पाहिजे. केशव आणि यशराज यांची नावे झाकून संवाद वाचले तर कोण बोलतो हे पुष्कळदा कळत नाही. प्रतिवादीही मुक्तिबोधांच्याच लांब, गुंतागुंतीच्या वाक्यांत बोलतो. कादंबरीकाराने आपल्या पात्राला जे स्वातंत्र्य द्यावयाचे, ते डायरीतील मित्रांना अर्धेच मिळाले आहे. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या 'विपात्र'मध्येही चर्चा आहेतच. परंतु तेथे बोलणारी माणसे एका शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने जगणारी असल्यामुळे प्रत्येक वाक्यामागे नोकरीची धास्ती उभी राहते, आणि विचाराला देह मिळतो. डायरीत विचार अधिक मोकळा आहे, देह मात्र क्षीण.

तथापि या स्तंभलेखनाला फावल्या वेळचा उद्योग समजणे अन्यायाचे होईल. 11 सप्टेंबर 1964 रोजी मुक्तिबोध निवर्तले, तोपर्यंत त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नव्हता. ज्याची कविता पुस्तकाविना पडून होती, त्याला एका अल्पायुषी मासिकाने महिन्याला काही पाने दिली. ती पाने आत्मगौरवासाठी किंवा गाऱ्हाण्यासाठी वापरणे सहज शक्य होते, आणि त्याला कोणी बोल लावला नसता. मुक्तिबोधांनी तेथे स्वतःला प्रश्न विचारणारा माणूस आणून बसविला. स्वतःविषयी चारचौघांत लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पानावर अशा माणसासाठी जागा राखली आहे काय, एवढे पाहावे. नसेल, तर ती वही मिटलेलीच बरी.