स्विच-विधान आणि मौनाचा अर्थ

एकाच मूल्यावरून आज्ञावलीला अनेक वाटा फुटावयाच्या असतील, तर ‘इफ-एल्स’च्या लांबलचक साखळीपेक्षा ‘स्विच’ हे विधान वाचकास अधिक सुबोध होते, याविषयी फारसे दुमत नाही. वाद आहे तो डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेतील या विधानाच्या रूपाविषयी.

‘सी’मधील ‘केस’ ही स्वतंत्र खोली नव्हे. ते केवळ आत शिरण्याचे दार होय. एकदा आत शिरलेली आज्ञावली ‘ब्रेक’ भेटेपर्यंत पुढील दारांची दखल न घेता सरळ चालत राहते. या ओघळण्यास ‘फॉलथ्रू’ म्हणतात. ‘बीसीपीएल’ व ‘बी’ या पूर्वज भाषांकडून आलेली ही रीत विसंगत खासच नाही. १९८३ मध्ये टॉम डफ यांनी स्विचच्या पोटात लूप गुंफून जी चमत्कृती साधली, ती या मोकळ्या दारांच्याच बळावर. तथापि चमत्कृती म्हणजे समर्थन नव्हे. पीटर व्हॅन डर लिंडेन यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात सन कंपनीच्या सी-कंपायलरची तपासणी नमूद केली आहे. तीत असे ओघळणे अवघ्या ३ टक्के केसमध्ये आढळले. म्हणजे शंभरांतील तिघांच्या सोयीसाठी उरलेल्यांनी दर वेळी ‘ब्रेक’ची पट्टी भरावयाची! शिवाय ‘ब्रेक’ लिहिलेला नसेल, तर ते विस्मरण की हेतू, हे पुढच्या वाचकास पानावरून उमगत नाही. मौनास दोन अर्थ असणे, हा या रचनेचा खरा दोष.

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे दूरध्वनिजाळे सुमारे ९ तास विस्कळीत झाले. त्या घटनेचा दाखला फॉलथ्रूविरुद्ध देणे मात्र चुकीचे ठरेल, कारण तेथे ‘ब्रेक’ गळालेला नव्हता. स्विचमधील एका ‘इफ’च्या पोटात तो होता, आणि त्याने अख्ख्या स्विचमधूनच बाहेर नेल्यामुळे पुढील आवश्यक कृती वगळली गेली. किंबहुना दोष त्याहून खोल आहे: केस संपविण्यासाठी मुळात असा शब्द लागावाच का? निकलाउस विर्थ यांच्या १९७० च्या ‘पास्कल’मध्ये तो लागत नाही. २००९ मध्ये प्रकट झालेल्या ‘गो’ भाषेने तर क्रम उलटा केला. तेथे ओघळावयाचे असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते.

‘सी++’ने २०१७ मध्ये व पुढे ‘सी’ने हेतुपूर्वक ओघळण्यासाठी खूण स्वीकारली. परंतु ती ऐच्छिक आहे. खुणेवाचून लिहिलेला फॉलथ्रू आजही वैधच असून, कंपायलर फार तर इशारा देतो.